काठावरची ताडवाडी

"आली का ती?"

हरगीरबाबांनी मान वर केली नाही. मठाच्या ओट्यावर बसून ते काथ्याची दोरी वळत होते. हात थांबले नाहीत.

"कोण?"

"माझी आई. चिमाबाई. तिला निरोप ठेवला होता, काठावरच्या ताडवाडीला ये म्हणून."

"बस."

"बसायला वेळ नाही, बाबा. एवढंच सांगा. आली का?"

"बस म्हटलं ना."

चिद्घन बसला. म्हणजे ओट्याच्या कडेला नुसता टेकला, उठायच्या तयारीत. पायांना धूळ, डोक्यावर ज्येष्ठाचं ऊन, आणि चेहऱ्यावर मात्र अजून त्याच्या मठातली ती तुकतुकी. बाबांना त्याचा राग आला नसावा. आपल्याला येतो.

हा चिद्घन म्हणजे मूळचा धोंडू. ताडवाडीचा. जी ताडवाडी आता धरणाच्या पाण्याखाली आहे, तिथला. बाप तो रांगत असतानाच गेला. आधीची मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून आईनं याचं नाव धोंडू ठेवलं. दगड समजून देवानं सोडून द्यावा म्हणून. देवानं सोडला. मिसरूड फुटलं आणि धोंडूनंच आईला सोडलं. गावात कथा सांगायला एक स्वामी आले होते, त्यांच्या मागोमाग निघून गेला. सांगून नाही, विचारून नाही.

स्वामींच्या मठात मात्र तो शिकला. खरोखर शिकला, त्यात खोट काढायला जागा नाही. भाष्यं तोंडपाठ, यतिधर्म तोंडपाठ. पुढं तो इतरांना शिकवू लागला. स्वामी थकले तेव्हा गादीवर कोण बसणार हे कुणी विचारतसुद्धा नव्हतं.

आणि अशात एके दिवशी स्वामींनीच विचारलं,

"येताना आईला विचारलं होतंस?"

"नाही."

"मग दीक्षा कशी देऊ? तिचा होकार घेऊन ये. होकार आला की आषाढात दीक्षा. मग गादी."

चिद्घनला वाटलं, दोन दिवसांचं काम आहे. जायचं, नमस्कार करायचा, हो म्हणवून घ्यायचं, निघायचं.

पण रस्त्यात ज्याला त्याला ताडवाडी विचारावी, तर तो उलट विचारी, "कुठली?"

तो गेल्यानंतर धरण झालं, तेव्हा गावची माणसं चार ठिकाणी पांगली होती. जाताना त्यांनी ताडाची रोपं उपटून बरोबर न्यायचा प्रयत्न केला. ताड असा नेता येत नाही. त्याचं मूळ आधी खोल जातं, मग वर पहिलं पान दिसतं. उपटला की मेला. एकही जगला नाही. झाड नेता आलं नाही म्हणून चारी वस्त्यांनी गावाचं नाव नेलं. माळावरची ताडवाडी, खाणीजवळची ताडवाडी, हमरस्त्याची ताडवाडी आणि पाण्याच्या काठावरची ताडवाडी. झालंच तर जलाशयाचं नाव ताडवाडी, एसटीच्या थांब्याचं ताडवाडी, एका उपाहारगृहाचं ताडवाडी, आणि एका कोंबड्यांच्या शेडवरसुद्धा लाल अक्षरांत तेच. ताड तेवढे कुठं नाहीत.

बाबांनी दोरीला पीळ दिला.

"माळावर किती राहिलास?"

"एक रात्र."

"ते थांब म्हणाले नाहीत?"

"म्हणाले. आई खाणीजवळ आहे, माणूस पाठवतो, उद्यापर्यंत येईल, म्हणाले."

"मग?"

"यतीनं एका गावात दुसरी रात्र काढू नये."

"तू यती झालास?"

"होणार आहे."

"अजून झाला नाहीस."

"सवय हवी, बाबा."

दोरी बोटभर पुढं सरकली.

"खाणीवर?"

"तिथं पोहोचलो तर ती माळावर गेलेली. मी आलोय हे तिला दूधवाल्याकडून कळलं होतं."

"मग मागं फिरायचंस."

"आल्या वाटेनं परत जायचं नसतं."

"हाही नियमच?"

"हो."

"बरेच आहेत."

चिद्घनला ते टोचलं. तो जरा ताठ झाला.

"मी काही तिला टाळत नव्हतो. पुढं कुठं जाणार ते सांगून जात होतो. हमरस्त्याच्या ताडवाडीत ये, असा निरोप ठेवला. तिथंही एक रात्र थांबलो. ती आली नाही. मग काठावरच्या ताडवाडीत ये, असा ठेवला. आणखी काय करायला हवं होतं?"

"काही नाही. तू पुढं, म्हातारी मागं. ठीकच आहे."

...

समोर पाणी होतं. उन्हाळ्यानं खाली गेलेलं, तरी अफाट. कडेच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. चिद्घन आल्यापासून तिकडं बघत नव्हता. त्या पाण्याखाली त्याचं घर होतं, पण त्याचं काही वाटून घ्यायचं नाही असं त्यानं खिंड उतरतानाच ठरवलं होतं. आणि खरंच, फारसं काही वाटलंही नव्हतं. त्याचा त्याला मनातून थोडा अभिमानही वाटला होता.

"चारी गावांना हेच नाव का, ठाऊक आहे?" बाबांनी विचारलं.

"जुन्या गावाच्या आठवणीनं."

"असं लोक सांगतात. लोकांना चांगलं दिसणारं सांगायची हौस असते. हमरस्त्यावाल्यांना लक्ष्मीनगर ठेवायचं होतं. पाटीही रंगवून झाली होती. खाणीवाल्यांना देवाचं नाव हवं होतं. तुझी आई एकेकाच्या दारात जाऊन बसली."

"आई?"

"उठेचना. म्हणाली, माझा धोंडू येईल तेव्हा ताडवाडी कुठं म्हणूनच विचारील. दुसरं नाव त्याला कुठं ठाऊक? शेवटी लोक कंटाळले. म्हणाले, ठेवा बाई, काय ठेवायचं ते."

चिद्घननं खाली पाहिलं.

"नाव राहिलं," बाबा म्हणाले, "पण तिची पंचाईत झाली. चार ताडवाड्या. तू कुठल्या ताडवाडीत येशील? मग ती चारही ठिकाणी राहायला लागली. दोन महिने इथं, दोन महिने तिथं. कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर. निघाली की बजावून जायची, तो आला तर थांबवून धरा."

"त्यांनी मला... थांबवलं होतं."

"हो. तू म्हणालास ना."

चिद्घननं झोळीचा बंद सोडला आणि परत बांधला.

कुणीतरी आपली वाट बघत असेल हे त्याला माहीत होतं. मठातही कधीमधी आठवायचं, सायंकाळच्या पाठाआधी. पण वाट बघणं म्हणजे दारात बसणं, एवढंच त्याच्या डोळ्यांपुढं होतं. वाट बघायला कुणी इतकं चालत असेल असं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तिला गाडी लागते," बाबा म्हणाले. "ठाऊक होतं?"

ठाऊक होतं. लहानपणी बाजाराला जाताना इतर बायका बैलगाडीत बसायच्या आणि आई शेजारून चालायची. त्याला मात्र गाडीत बसवायची. इतक्या वर्षांत ते एकदाही आठवलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला.

"म्हणजे खाणीवरून माळावर चालत. माळावरून परत खाणीवर चालत. तिथून हमरस्त्यावर चालत. भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन. आणि शेवटी पदरात ताडगोळे."

"ताडगोळे कशाला?"

"तुला आवडायचे म्हणे."

...

"हमरस्त्याला कुठूनसे विकायला येतात," बाबा म्हणाले. "तिथं पोहोचली तेव्हा तू नुकताच निघाला होतास. तुझ्या जेवणाची चूल अजून विझली नव्हती, असं तिनंच सांगितलं. ती बसली नाही. ताडगोळे घेतले आणि पाण्याच्या कडेकडेनं सरळ इकडं आली. तू कुठल्या वाटेनं आलास?"

"खिंडीच्या."

"ती लांबची."

"खिंडीत महादेवाचं देऊळ आहे. काल एकादशी होती. एकादशीला मी देवळाबाहेर पडत नाही. मौन असतं."

आणि मग बाबांचं आधीचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. तो ताडकन उभा राहिला.

"इकडं आली? म्हणजे ती आली, बाबा? इथं आहे?"

त्याच्या आवाजात चिद्घन उरला नव्हता. धोंडूच बोलत होता.

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी कळशी होती, ती उचलली आणि पाण्याकडं चालू लागले. म्हातारा माणूस, चिखलातून जपून पाय टाकत गेला, वाकला, कळशी बुडवली, आणि तसाच हळूहळू परत आला. चिद्घन बघत राहिला. त्याला वाटलं, आई आत निजली असेल, तिला पाय धुवायला पाणी आणत असतील.

बाबा त्याच्यासमोर येऊन उभे राहिले. आणि त्यांनी ती सबंध कळशी त्याच्या डोक्यावर ओतली.

"बाबा, हे काय..."

छाटी अंगाला चिकटली. कानशिलांवरून पाणी गळत होतं. कमरेचं उपरणं भिजलं, झोळी भिजली.

यतिधर्म त्याला तोंडपाठ होता. संन्याशाला सुतक नाही. भाऊ गेला तरी नाही, गाव गेलं तरी नाही. फक्त आई किंवा बाप गेल्याचं कानावर आलं, तर त्यानं नेसत्या वस्त्रांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. चैत्रातच त्यानं हे मठातल्या मुलांना शिकवलं होतं. एकानं विचारलं होतं, एवढंच का? त्यावर यानं हसून उत्तर दिलं होतं, तेवढीसुद्धा सवलतच आहे.

बाप तर तो रांगत असतानाच गेला होता.

...

तो खाली बसला. ओट्यावर नाही, तिथंच मातीत.

पाण्यावरून एक बगळा गेला. वस्तीत कुठंतरी कुणी लाकडं फोडत होतं.

"केव्हा?" त्यानं विचारलं.

"काल. तिसऱ्या प्रहरी."

"काल..."

काल संध्याकाळी खिंडीतल्या देवळाच्या पायरीवर बसून त्यानं खाली पाण्याकाठी धूर पाहिला होता. चितेचा धूर ओळखू येतो. देहाच्या नश्वरतेवरचा एक श्लोक त्यानं मनातल्या मनात म्हटला होता, आणि मन हललं नाही म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

"परवा सांजेला पोहोचली," बाबा सांगू लागले. आता ते त्याच्या शेजारी मातीतच बसले होते. "दमली होती, पण खुशीत होती. म्हणाली, बाबा, या खेपेला मी आधी आले. हसली. मी म्हटलं, आत नीज. तर नाही. इथं ओट्यावर बसली. खिंड दिसते ना इथून."

चिद्घननं वर पाहिलं. खिंड दिसत होती. खिंडीतलं देऊळही दिसत होतं, पांढरा ठिपका.

"काल सकाळी कुणीतरी सांगत आलं, देवळात एक महाराज बसलेत, बोलत नाहीत. मी म्हटलं, तुझाच आहे तो, चिमाबाई, माणूस पाठवतो. म्हणाली, नको."

"का?"

"म्हणाली, एकादशी आहे. त्याचा नेम मोडेल."

चिद्घनच्या तोंडून कसलातरी आवाज आला. शब्द नव्हता तो.

"मी पुन्हा म्हटलं. तिनं शपथ घातली. म्हणाली, इतकी वर्षं थांबले, आता एका दिवसानं काय होतंय? उद्या तो आपल्या पायानं येईल. दुपारी ताडगोळे काढून पाहिले. उन्हानं आंबले होते. मला म्हणाली, हे टाकून द्या बाबा, त्याला आंबलेले कसे देऊ? मी टाकून आलो, तोवर भिंतीला टेकली होती. श्वास जड झाला होता. जातानाही तेच. त्याला उठवू नका. नेम मोडू नका."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तिनं शपथ घातली होती."

"अहो, मौन मोडलं असतं मी... धावत आलो असतो."

"असेल."

"आलो असतो, बाबा."

बाबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. चिद्घनलाही कळलं नाही, आणि स्वतःच्या मनात डोकावून पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

"अग्नी कुणी दिला?"

"गावानं."

"गावानं म्हणजे कुणी?"

"ज्याच्या हाताशी काडी होती त्यानं."

पाण्याच्या कडेला, बाबा मघाशी जिथं वाकले होते त्याच्या जरा पलीकडं, जमिनीचा एक तुकडा काळा होता. येताना चिद्घन त्याच्या जवळूनच आला होता. राखेला पाय लागू नये म्हणून त्यानं बाजूनं वळसासुद्धा घातला होता. शुचिर्भूत राहावं म्हणून.

तो रडू लागला. त्याला रडता येत नव्हतं, सवय मोडली होती. पोट दुखणाऱ्या पोरासारखा पोटाशी हात धरून वाकला आणि तसाच राहिला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

ऊन कललं. छाटी अंगावरच वाळायला लागली.

"काही बोलली का?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं. "माझ्यासाठी काही सांगितलं?"

"सांगितलं."

"काय?"

"माळावर तू चारचौघांत म्हणाला होतास ना, आईचा एक होकार घ्यायचाय, घेतला की निघालो? ते तिच्या कानावर आलं होतं."

चिद्घननं डोळे मिटले.

"त्यासाठीच चालत होती. तू परत राहायला आला नाहीस हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. म्हणाली, पोराचं काम अडलंय, माझ्या एका शब्दावाचून अडलंय."

"बाबा, नका सांगू."

"निरोप आहे. सांगायला हवा."

बाबा सावरून बसले. एखादी ठेव परत करावी तसं एकेक शब्द नीट उच्चारत ते म्हणाले,

"तिचा होकार आहे. मनापासून आहे. माझी ना नाही, असं त्याला सांगा, म्हणाली. जा म्हणावं. सुखानं जा. आणि जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका."

...

झालं. ज्यासाठी आला होता ते मिळालं होतं. आता स्वामी काही विचारणार नाहीत. आषाढात दीक्षा, दीक्षेमागोमाग गादी. मागं खेचणारा एकही धागा उरला नव्हता. शास्त्रात म्हणतात तसा तो अगदी मोकळा झाला होता.

पाण्याच्या कडेचा काळा तुकडा संध्याकाळच्या उजेडात अजूनच काळा दिसत होता. खिंडीतल्या देवळात कुणीतरी दिवा लावला.

धोंडू उठून उभा राहिला. दोन पावलं राखेकडं गेला. थांबला. परत वळला. बाबांच्या समोर आला आणि हात जोडून, लहान मूल हट्ट धरतं तशा आवाजात म्हणाला,

"मला नको तो होकार, बाबा. मला नको."

हरगीरबाबांनी बाजूला ठेवलेली दोरी उचलली. तिचा सुटलेला पीळ शोधून काढला.

"नको तर नको, धोंडू. पण आता तो परत घ्यायला कोण आहे?"